टर्बो की सुपरचार्जर, निर्णय झालेला आहे

२ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंदी ठेवाव्यात. पुढे लोक विचारतात.

बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. २५ एप्रिल. डॉक्टर म्हणाले, नंतर चालणं-फिरणं झकास होईल, पण ट्रकचा क्लच मात्र विसरा, तेवढा जोर त्या पायावर पुन्हा द्यायचा नाही. बाबांनी एवढंच विचारलं की ऑपरेशनच्या आधी दिला तर चालेल ना. डॉक्टर म्हणाले, दुखणं सोसवत असेल तर चालेल.

बाबांना घाट चढून लाकडाच्या वखारीपर्यंत जायचंय. ज्या छोट्या ट्रकमधून आयुष्यभर ओंडके वाहिले, तोच ट्रक शेवटचा एकदा स्वतः चालवत वर न्यायचा, वखारीत चहा प्यायचा आणि खाली यायचं. दुसरी कसलीही इच्छा नाही. ट्रक आमच्याच शेडमध्ये आहे. जुना, गोल नाकाचा, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. बाबा दर रविवारी चालू करून बघतात आणि तो चालू होतो.

बायको म्हणाली, मग येत्या रविवारीच जा की.

इथेच सामान्य माणूस आणि माझ्यासारखा नियोजन विभागातला माणूस यांच्यात फरक पडतो. बाबांनी शेवटच्या फेरीला पहिल्या गिअरमध्ये कण्हत-कुंथत घाट चढायचा? मागून सायकलवाले घंटी वाजवणार? मुलगा असून मी हे बघत बसायचं? अजिबात नाही. इंजिनाची ताकद वाढवणार. एक तर दोन टर्बो, नाहीतर एक सुपरचार्जर. मंगळवार संध्याकाळपर्यंत निर्णय.

४ मार्च, मंगळवार

निर्णय पुढे ढकलला. घाईचे निर्णय मी ऑफिसातही घेत नाही.

आजवरचा अभ्यास: दोन्ही यंत्रं एकच काम करतात, इंजिनात जास्तीची हवा कोंबतात. टर्बो इंजिनाच्या धुरावर फिरतो, म्हणजे फुकटात. पण धूर जोरात यायला लागेपर्यंत तो जागा होत नाही. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून पाय दिला की लगेच हजर. पण इंजिनाची थोडी ताकद स्वतःच खातो. थोडक्यात, एक आळशी आणि एक खादाड. ऑफिसातली दोन माणसं डोळ्यांसमोर आली.

९ मार्च, रविवार

मेकॅनिकला बोलावलं. त्याला सगळे फोरमन म्हणतात, कधीकाळी कुठल्या तरी कारखान्यात होता म्हणून. तो म्हणाला, साहेब, डोळे झाकून टर्बो. आठ सिलिंडर आहेत, चार या बाजूला, चार त्या बाजूला, दोन्हीकडे एकेक टर्बो, भांडणच नाही.

मला पटलं. निर्णय झाला. दोन टर्बो.

बाबा शेडमध्ये खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, आवाज बदलेल का रे? मी म्हटलं, बदलेल तर, शिट्टी वाजेल, ऐकत राहाल. त्यांनी खुर्ची ट्रकच्या आणखी जवळ ओढली. बहुतेक आनंद झाला असावा.

फोरमनने सायलेन्सरकडचे पाइप आणि सिलिंडरांवरची हेडं, म्हणजे जड झाकणं, उतरवली. म्हणजे आता माघार नाही.

१० मार्च, सोमवार

मेहुणा आला. मेहुण्याकडे स्कूटर आहे. आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलेलं नाही, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बोलतो. म्हणाला, भावोजी, घाटात टर्बो? वळणावर पाय काढला की टर्बो झोपणार, पुन्हा पाय दिला की जागा व्हायला वेळ, तोवर गाडी मागे. घाटाला सुपरचार्जरच.

या माणसाचं कधी नव्हे ते पटलं. निर्णय बदललेला नाही, सुधारला आहे. सुपरचार्जर.

१६ मार्च, रविवार

फोरमनला सांगितलं. तो म्हणाला, साहेब, डोळे झाकून सुपरचार्जर. मी म्हटलं, मागच्या आठवड्यात डोळे झाकून टर्बो होता. तो म्हणाला, तेव्हा तुमचा कल तिकडे होता.

अशा माणसांबरोबर काम करायचं म्हणजे डोक्याला ताप. शेवटी सगळा विचार आपल्यालाच करावा लागतो.

कॉम्प्युटरवर तक्ता केला. एका बाजूला टर्बो, दुसऱ्या बाजूला सुपरचार्जर, खाली मुद्दे: ताकद, उष्णता, आवाज, जागा, दिसणं, भावना. प्रत्येक मुद्द्याला गुण. बेरीज मारली तर दोघांना सारखेच. पद्धत किती निःपक्षपाती आहे हे त्यावरून कळतं.

२३ मार्च, रविवार

घरात कुरकुर. एक हेड जेवणाच्या टेबलाखाली आहे, जुन्या चादरीत गुंडाळून. कार्बोरेटर बाथरूमच्या बेसिनमध्ये भिजत आहे. बायको म्हणाली, तोंड धुवायला शेजारी जाऊ का? मी म्हटलं, वडिलांसाठी एवढं सोसता येत नाही का. ती म्हणाली, वडिलांना विचारलंत का? काय विचारायचं? सरप्राइझ विचारून देतात का कोणी? (ट्रक त्यांच्या डोळ्यांसमोरच उघडा पडला आहे हे खरं, पण ताकद किती वाढणार ते त्यांना कुठे माहीत आहे.)

बाबा दिवसभर शेडमध्ये बसून नट-बोल्ट घासलेटमध्ये धुतात आणि बरण्यांत भरतात. मी केलेली मांडणी बिघडते. पण म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा हवा म्हणून बोललो नाही. मी ऑफिसातून आलो की त्यांचा एकच प्रश्न असतो: कधी? बूटसुद्धा काढू देत नाहीत.

३० मार्च, रविवार

नमुने तयार केले. कामाची शास्त्रशुद्ध पद्धत अशी की खरी वस्तू आणण्याआधी जागेवर नमुना बसवून बघायचा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचा सुपरचार्जर केला. दोन टर्बो पुठ्ठ्याचे, चपलांच्या खोक्यांतून. पुठ्ठ्याचे टर्बो फार देखणे झाले. मेहुण्याने सुपरचार्जर उघडून आत बिस्किटं आहेत का ते बघितलं.

निष्कर्ष: सुपरचार्जर इंजिनाच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे बॉनेट बंद होत नाही. बॉनेटला भोक पाडावं लागणार. टर्बो खाली बाजूला मावतात. पण मला आता भोकाची कल्पना आवडली आहे. बॉनेटमधून वर आलेलं यंत्र बघून घाटातले बाकीचे ट्रक आपोआप बाजूला होतील.

निर्णय झाला. सुपरचार्जर. अंतिम.

६ एप्रिल, रविवार

भोक पाडलं. स्वतः. फोरमन परवा येतो म्हणाला होता, त्याचा परवा कधी उजाडत नाही.

मापं अगदी काटेकोर घेतली. ट्रकच्या समोर उभा राहिलो, डाव्या कडेपासून इतकं, उजव्या कडेपासून इतकं, कागदावर मांडलं. मग बॉनेट उतरवून शेडमध्ये पालथं घातलं, कारण रंग खराब होऊ नये म्हणून पत्रा आतल्या बाजूने कापायचा. ग्राइंडर लावला. सुरेख चौकोन निघाला.

संध्याकाळी बॉनेट परत बसवलं. बिस्किटांचा डबा एकीकडे, भोक दुसरीकडे. पालथं घातल्यावर डावं उजवं होतं, हे बॉनेट बनवणाऱ्यांनी कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

बाबांनी भोकातून हात आरपार घालून बघितला. मग म्हणाले, पाऊस आला तर? मी म्हटलं, पावसात कोण घाटात जातं. ते म्हणाले, मी जायचो.

प्रचंड वैताग आला. जेवलो नाही. नंतर जेवलो.

७ एप्रिल, सोमवार

शांतपणे विचार केला. भोक चुकलेलं नाही, ते टर्बोंसाठी आहे. दोन टर्बो म्हणजे दुप्पट उष्णता. उष्णता बाहेर जायला वाट हवी. ती तयार आहे.

निर्णय झाला. दोन टर्बो. तक्त्यात "हवा खेळती राहणे" हा मुद्दा वाढवला, टर्बो स्पष्ट पुढे.

२० एप्रिल, रविवार

टर्बो आणायला शहरातल्या चार दुकानांत गेलो. एकाने विचारलं, गाडी कोणती? सांगितलं. त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारून बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. दोघे हसले. लहान मनाची माणसं. शेवटच्या दुकानदाराने ऑर्डर घेतली, महिन्याभरात येतील म्हणाला.

ऑपरेशन शुक्रवारी आहे. हिशोब थोडा हुकला हे मान्य. पण हुकला कुणामुळे? फोरमन, मेहुणा, बॉनेट.

२४ एप्रिल, गुरुवार

दैव कष्ट करणाऱ्याच्या पाठीशी असतं. ऑपरेशन पुढे गेलं! आज तपासणीला नेलं तर बाबांना डॉक्टरांसमोर भयंकर खोकला आला. थांबेना. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ असताना भूल देत नाहीत. नवी तारीख १६ मे.

बाबा ऑपरेशनला घाबरतात हे मला माहीत होतं, पण इतके घाबरत असतील असं वाटलं नव्हतं. भीतीनेही खोकला येतो म्हणे. घरी येताना गाडीत त्यांना धीर दिला. ते खिडकीबाहेर बघत होते.

बायको म्हणाली, घरात तर सकाळपासून एकदाही खोकले नाहीत. मी म्हटलं, हॉस्पिटलची हवाच तशी असते.

विशेष: गुडघा सुजलाय. शेडमधून घरात यायला आता त्यांना भिंत धरावी लागते. पण आज स्वतःच विचारलं, तीन आठवडे मिळाले, पुरतील? मी म्हटलं, पुरून उरतील.

४ मे, रविवार

टर्बो आले नाहीत. फोरमन त्याच्या गावी गेला. मेहुणा रोज संध्याकाळी येऊन सुपरचार्जर असता तर आत्तापर्यंत, असं म्हणतो आणि वाक्य अर्धवट सोडतो.

बाबा म्हणाले, अरे, होता तसा जोडून टाक. मी समजावलं की बाबा, आता इथवर आलोय. होता तसा जोडणं म्हणजे दोन महिने पाण्यात. ते म्हणाले, बरं.

त्यांचा हा "बरं" मला लहानपणापासून सहन होत नाही.

११ मे, रविवार

टर्बो आले! दोन्ही! खोकं उघडलं. प्रत्यक्षात ते माझ्या पुठ्ठ्याच्या टर्बोंपेक्षा बरेच मोठे आहेत. बाजूला मावत नाहीत. स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो. म्हणजे टर्बो बसवले तर ट्रक सुसाट जाईल, पण सरळच.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही आठ सिलिंडर म्हणालात, दांड्याचं काही बोलला नाहीत.

हे आयुष्य आहे की काय आहे? कुणी म्हणून आपलं काम नीट करत नाही!

१५ मे, गुरुवार

ऑपरेशन उद्या. यावेळी खोकला नाही. बाबांनी काहीच केलं नाही. आज शेडमध्येही फिरकले नाहीत, असं मला वाटलं होतं.

संध्याकाळी पाना शोधायला गेलो तर ते ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. समोर बॉनेट नाही, इंजिनावर हेडं नाहीत, नुसता सांगाडा. डावा पाय क्लचवर. दाबत होते, सोडत होते. हाताने गिअर टाकत होते. तोंडाने हळू आवाज काढत होते इंजिनाचा, चढावरचा. प्रत्येक वेळी पाय दाबताना चेहरा वाकडा व्हायचा.

मी हाक मारली नाही. क्लच व्यवस्थित चालतो आहे असं दिसलं, म्हणजे त्या बाजूचं काम वाचलं. पाना न घेताच परत आलो. झोप लागत नाही आहे. जेवण जड झालं असणार.

१७ मे, शनिवार

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, नवी वाटी कित्येक वर्षं पुरेल. बाबा शुद्धीवर आल्यावर मी म्हटलं, आता काळजी नाही. ते म्हणाले, कसली?

१ जून, रविवार

बायकोने परस्पर फोरमनला बोलावलं. माझ्या घरात, माझ्या प्रकल्पात! तिने त्याला सांगितलं, जसं होतं तसं जोडा आणि जोडून होईपर्यंत चहा मिळणार नाही. फोरमन म्हणाला, बाई, डोळे झाकून हेच योग्य.

मी विरोध केला नाही. विचार केल्यावर लक्षात आलं की हा टप्पा पहिला आहे. आधी मूळ स्थिती, मग सुधारणा. ऑफिसातही असंच करतात.

बरण्यांमधले नट-बोल्ट कामाच्या क्रमाने लावलेले निघाले. फोरमन चकित झाला. माझ्या मूळ मांडणीचा पाया भक्कम होता म्हणूनच हे शक्य झालं.

२२ जून, रविवार

चालू झाला. पहिल्या फटक्यात नाही, तिसऱ्या. पण चालू झाला. बॉनेटच्या भोकावर फोरमनने पत्र्याचा तुकडा ठोकला आहे, बिस्किटांच्या डब्याचा. अर्धी जाहिरात वाचता येते.

आवाज ऐकून बाबा काठी टेकत शेडच्या दारापर्यंत आले. कान देऊन उभे राहिले. तोच आहे, म्हणाले. मी म्हटलं, तात्पुरता.

मग मीच पुढे होऊन जाहीर केलं. पुढच्या रविवारी मी ट्रक चालवणार, बाबा शेजारी बसणार आणि आम्ही वखारीत चहा पिणार. निर्णय झाला. बाबांनी विचारलं, तू चालवणार? मी म्हटलं, रोज ऑफिसला गाडी कोण नेतं? ते म्हणाले, त्या गाडीला क्लच कुठाय?

हा मुद्दा गौण आहे. माझी गाडी ऑटोमॅटिक असली तरी रस्त्याची जाण रस्त्याचीच असते.

२९ जून, रविवार. दुपार

सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर विपर्यास होणार नाही.

सकाळी निघालो. फाटकापर्यंतच तीनदा बंद पडला. या ट्रकला गिअर बदलायला क्लच एकदा दाबून भागत नाही. दाबायचा, गिअर मोकळा करायचा, सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटरला थोडा जोर द्यायचा, पुन्हा दाबायचा, मग गिअर टाकायचा. आणि हे सगळं कधी, तर इंजिनाचा आवाज सांगेल तेव्हा. मला आवाज काही सांगत नव्हता. नुसता ओरडत होता.

शेवटी बाबांनी शेजारून गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. म्हणाले, तू पाय सांभाळ, हात माझा. मग ते म्हणायचे, दाब. मी दाबायचो. सोड. सोडायचो. दाब. आणि दांडा त्यांच्या हातात लोण्यातून सुरी जावी तसा जायचा. सपाट रस्त्यावर आमचं छान जमलं. दोन माणसं मिळून एक ड्रायव्हर, पण जमलं. बाबा हसत होते. ते इतके हसलेले मी कधी पाहिले होते ते आठवावं लागेल.

घाट लागला. चढ सुरू झाला. आणि इथे हे नमूद करणं भाग आहे की इंजिन मस्त ओढत होतं. कण्हणं नाही, कुंथणं नाही. सायकलवाला एकही मागून आला नाही.

पहिल्याच मोठ्या वळणावर गिअर खाली उतरवायचा होता. बाबा म्हणाले, दाब. मी दाबला. सोड म्हणाले. सोडला. जोर दे म्हणाले. मी ब्रेक दाबला.

ट्रक बंद. गिअरचे दात घासल्याचा आवाज. बाबांनी हँडब्रेक ओढला म्हणून मागे गेलो नाही. पुन्हा चालू केला, पुन्हा दाब, सोड, पुन्हा बंद. चढावर माझा पाय दर वेळी क्लच एकदम सोडत होता. मागे गाड्यांची रांग. एक बस हॉर्नवर हातच ठेवून बसली होती.

 बाबांचा डावा पाय खाली, जिथे क्लच नव्हता तिथे, दाबत होता आणि सोडत होता. मला दिसलं. ते काचेतून वर रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, इथून पुढे फक्त चार वळणं. मला रडू आलं. सरळ रडू आलं, धूर वगैरे काही नव्हता.

बसचा ड्रायव्हर तणतणत उतरला. बाबांना बघून थांबला, ओळख नव्हती, पण थांबला. मला उतरायला लावलं, स्वतः बसला, वळण घेऊन ट्रकचं तोंड खाली फिरवून दिलं. उतरताना बाबांना म्हणाला, काका, काय गाडी ठेवलीय, इंजिनाला हात लावू नका. मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी कोण असेन याचा अंदाज घेतला.

परत आलो. दाब, सोड, दाब. वखारीतला चहा राहिला. बायकोने घरी केला.

रात्री ९

जेवताना मी विषय काढला. शांतपणे मांडलं की सुपरचार्जर असता तर वळणावर गिअर उतरवावाच लागला नसता, ताकद खालूनच मिळाली असती, म्हणजे चूक पायाची नव्हती, यंत्रणेची होती. आणि जागेचा प्रश्न पाहता आता सुपरचार्जरच. निर्णय झाला.

आजवर हा विषय निघाला की बाबा मध्येच कधी, असं विचारायचे. आज पूर्ण ऐकून घेतला. मेहुण्याला फोन करू नका अशी बायकोने मला खूण केली ती मी पाहिली.

माझं बोलून झाल्यावर बाबा म्हणाले, उद्यापासून सकाळी सहाला शेडमध्ये ये. क्लच शिकवतो.

मी म्हटलं, बरं.

इंजिन बंद ठेवून, असं त्यांनी उठता उठता बजावलं.